‘ॲग्री’ म्हटलं की आपण का दचकतो?

बारावीचं वर्ष असलं की घरात ‘पुढे काय?’ हा विषय रोज निघतोच. आणि एक दिवस लेकरू ताटातून मान वर न करता म्हणतं, ‘मला ॲग्रीला जायचंय. मातीचा अभ्यास करायचाय.’

खरं सांगू? आपल्याला त्यातलं ‘अभ्यास’ ऐकूच येत नाही. ऐकू येतं ते उन्हातान्हातलं राबणं, पडलेले भाव, डोक्यावरचं कर्ज. आपल्यातले कितीतरी जण त्यापायीच गाव सोडून आलो. मग दिवसभराच्या दमणुकीत तोंडातून निघतंच, ‘एवढं शिकून पुन्हा शेतीच?’ पोर गप्प होतं. आपल्याला वाटतं, पटलं.

पटलेलं नसतं. कदाचित मिरज-शिरोळकडची क्षारपड रानं त्यानं पाहिलेली असतात. वर्षानुवर्षं ऊस, पाणी भरपूर, निचरा नाही. मग वर येतो पांढरा खार. ‘हे रान परत पिकेल का?’ हे त्याच्या डोक्यात घोळत असतं. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारं पाणी बाहेर काढता येतं, रान पुन्हा पिकाखाली आणता येतं. मृदशास्त्र म्हणजे हेच सगळं.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत चार वर्षांची पदवी आहे, पुढे एमएस्सीला माती हाच विषय घेता येतो. माती परीक्षण प्रयोगशाळा, खत आणि ठिबकच्या कंपन्या, बँकेतला कृषी अधिकारी, नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेतलं संशोधन, अशा वाटा आहेत. नोकरी लगेच लागेलच असं नाही; बरीच मुलं पदवीनंतर स्पर्धा परीक्षांना बसतात. हेही सांगूया, पण धाक घालायला नको.

मातीतल्या कर्बावर आयुष्य वेचणारे रतन लाल लुधियानाच्या कृषी विद्यापीठात शिकले. २०२० चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. नातेवाइकांना सांगायला हे छानच. फक्त ‘आता तूही तसाच हो’ हे नवं ओझं नको!

त्यापेक्षा सुट्टीत कुणा ओळखीच्याच्या रानातून मुलासोबत मातीचा नमुना घ्या, प्रयोगशाळेत द्या. अहवालातला सामू, सेंद्रिय कर्ब त्यालाच समजावून सांगू द्या. तो रमतोय की कंटाळतोय, ते तेव्हाच कळेल. मग विचारा, ‘यातलं काय आवडलं?’ पगाराचं विचारायचंच आहे, पण ते दुसऱ्या दिवशी विचारलं तरी चालेल.