जेवण, झोप आणि ॲसिडिटी

प्रोजेक्टची तारीख जवळ आली की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचे दिवसाला ५-६ कप कॉफी, दुपारी कॉम्प्युटरसमोरच डबा आणि रात्री १० वाजता पोटभर जेवण हे ठरलेले. मग अंथरुणाला पाठ टेकताच छातीत जळजळ, घशाशी आंबट.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली आणि भरल्या पोटी आडवे झालो, की आम्ल वर चढते. तळलेले पदार्थ, सिगारेट व मद्य यांनी ती सैल पडते. काहींना कॉफीही बाधते. मनावर ताण असला की तेवढेच आम्ल जास्त झोंबते.

जेवण व झोप यांत ३ तासांचे अंतर ठेवा. डाव्या कुशीवर झोपा. पलंगाची डोक्याकडची बाजू ६ ते ८ इंच उचला. नुसत्या उशा वाढवून भागत नाही.

गिळताना अडकणे, विनाकारण वजन घटणे, काळे शौच ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे जा. छातीत दाब, घाम, धाप असेल तर मात्र "ॲसिडिटीच असेल" म्हणून गोळी चघळत बसू नका. ताबडतोब ९११ फिरवा. आपल्या लोकांत हृदयविकार लवकरच्या वयात गाठतो.