नदीकाठचा वर्ग: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

मुलांना नदीवर न्यायचं म्हटलं की शाळेत पहिला प्रश्न बसचा निघतो. बसचं भाडं ऐकलं की बेत पुढच्या वर्षावर जातो. आपल्या पिंपरी-चिंचवड भागात मात्र नदी बऱ्याच शाळांना चालण्याच्या अंतरावर आहे. पवना रावेत, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी करत दापोडीला मुळेत मिसळते. इंद्रायणी देहूहून तळवडे, चिखली, मोशीच्या कडेने आळंदीकडे जाते. तिच्या पलीकडे खेड तालुका आणि चाकणचे कारखाने, आणि चाकणच्या उत्तरेला भामा.

म्हणून पहिला सल्ला हा, की एका मोठ्या सहलीचे पैसे वाचवा आणि जवळचा एकच घाट वर्षातून तीनदा पाहा: पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये, जानेवारीत आणि मार्चअखेरीस. एका भेटीत मुलांना घाण दिसते. तीन भेटींत पाणी कधी चढलं, जलपर्णी कधी पसरली, वास कोणत्या महिन्यात आला हे समजतं आणि कारण शोधावंसं वाटतं.

साहित्याचा खर्च (40 मुलं, पाच गट)

हे बाजारातले साधारण अंदाज आहेत; दुकानागणिक फरक पडेल.

- पीएच पट्ट्यांची पुस्तिका: 100 ते 200 रुपये
- दोन तापमापक: 300 ते 400 रुपये (पारा नसलेलेच घ्या)
- पाच भिंगं: 250 ते 500 रुपये
- बादली, दोरी, पांढऱ्या थाळ्या, गाळण्या: 500 ते 700 रुपये
- हातमोजे, साबण, प्रथमोपचार पेटी: 600 ते 800 रुपये

एकूण 1,750 ते 2,600 रुपये, म्हणजे पहिल्या वर्षी डोईमागे 44 ते 65 रुपये. पट्ट्या, हातमोजे आणि साबण सोडले तर बाकीचं पुढची काही वर्षं चालतं. पाण्याची पारदर्शकता मोजायला विकतचं यंत्र नको. जुन्या डब्याच्या झाकणावर काळे-पांढरे चतकोर रंगवा, दोरीला बांधा आणि ते किती खोलीवर दिसेनासं होतं ते मोजा.

पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायचा संच साधारण 2,000 ते 4,000 रुपयांना मिळतो. पैसे असतील तर हा जरूर घ्या. त्यात आम्लासारखी रसायनं असतात, म्हणून ती शिक्षकांनीच हाताळावीत. आकड्याचा अर्थ लावायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष वापरा. आंघोळीयोग्य पाण्यात प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम आणि पीएच 6.5 ते 8.5 असावा. आषाढी-कार्तिकीला जिथे वारकरी स्नान करतात, त्या घाटाचा आकडा या निकषाशेजारी मुलांनी स्वतः लिहिला, की प्रदूषण हा शब्द त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

बस लागलीच तर

समजा बस 8,000 रुपयांना ठरली, तर 40 मुलांमागे एका फेरीला 200 आणि तीन फेऱ्यांना 600 रुपये पडतात. म्हणजे साहित्याच्या कितीतरी पट. लांबची भेट वर्षातून एकदाच ठेवा. एसटी शालेय सहलींना भाड्यात 50 टक्के सवलत देते, ती आधी विचारा. ही एकमेव बस रावेत बंधारा, निगडीचं जलशुद्धीकरण केंद्र आणि एखादा मैलाशुद्धीकरण प्रकल्प अशी फिरवा. नळाला येणारं आणि मोरीतून जाणारं पाणी एकाच नदीचं आहे, हे मुलं एका दिवसात पाहतील. महापालिकेची लेखी परवानगी मात्र वेळेत काढा.

संस्था बोलावण्याआधी

पुण्यात जीवितनदी ही संस्था नदीफेऱ्या काढते. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था आणि पर्यावरण शिक्षण केंद्र शाळांबरोबर काम करतात. कोणालाही बोलावताना हे विचारा:

- शुल्क डोईमागे की वर्गामागे? प्रवास आणि साहित्य त्यात धरलंय का?
- नोंदी शाळेकडे राहतील का?
- आमचे दोन शिक्षक पुढच्या वेळी हे स्वतः घेऊ शकतील इतकं शिकवाल का?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर ते शिक्षकांच्या प्रशिक्षणाला द्या. मुलांची एक तुकडी वर्षभरात पुढे जाते, शिकलेली शिक्षिका दरवर्षी नवी तुकडी नदीवर नेते. आणि कोणी एका सकाळीत बीओडी काढून देतो म्हणालं तर सावध व्हा. त्या चाचणीला 27 अंशांवर तीन दिवस लागतात.

पैसे कुठून आणावेत

शासकीय शाळांना समग्र शिक्षा योजनेत युवा व इको क्लबसाठी अनुदानाची तरतूद आहे. निकष प्राथमिकला 5,000, उच्च प्राथमिकला 15,000 आणि माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंत. आपल्या शाळेला यंदा किती आलं, ते मुख्याध्यापकांना विचारा. चाकण पट्ट्यातल्या शाळांना दुसरी वाट आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावे लागतात; शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही त्यात बसतात. संस्थेमार्फत पैसे येणार असतील तर तिची सीएसआर-1 नोंदणी तपासा. अर्जात आधी सहल मागू नका, तीन वर्षांच्या नोंदींचा खर्च मागा.

नववी-दहावीच्या जलसुरक्षा विषयाचा प्रकल्प याच नोंदींतून करा, म्हणजे वेगळा वेळ काढावा लागणार नाही.

इथे काटकसर नको

15 जून 2025 रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा जीव गेला. पावसाळ्यात मुलांना काठावर नेऊ नका, जुन्या पुलावर गर्दी करू नका. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. मुलांनी पाण्यात उतरू नये. नमुना बादलीनेच घ्यावा आणि डबा खाण्याआधी हात साबणाने धुवावेत.

सुरुवातीला एक पैसाही लागत नाही. येत्या रविवारी दोन शिक्षकांनी शाळेपासून नदीपर्यंत चालत जावं. किती मिनिटं लागली, रस्ता कुठे ओलांडावा लागतो, नाला कुठे मिळतो, उभं राहायला सुरक्षित जागा कोणती, एवढं वहीत लिहावं. अंदाजपत्रक त्या वहीवरूनच करा.