भाडेपट्टा संपण्याआधी जागे व्हा

बांधवांनो, फ्लॅट घेताना आम्ही भाव पाहतो, पाणी पाहतो. खालची जमीन मालकीची की भाडेपट्ट्याची, हे मात्र विचारत नाही. नवी मुंबईत सिडकोने भूखंड प्रामुख्याने 60 वर्षांच्या पट्ट्याने दिले. 1975 साली सुरू झालेला असा पट्टा 2035 साली संपतो.

मुदत संपल्यावर काय? मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 108 प्रमाणे ताबा मालकाला परत द्यावा लागतो. मालक भाडे घेत राहिला तरी कलम 116 व 106 प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, राहत्या जागेचा पट्टा महिन्यामहिन्याचा ठरतो. पंधरा दिवसांच्या नोटिशीने तो संपू शकतो. अशा घरावर कर्ज कोण देणार?

म्हणून तीन गोष्टी करा :

1) पट्टा कोणाच्या नावे आहे ते पाहा. बिल्डरच्या नावे राहिला असेल, तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा.

2) नूतनीकरणाचे कलम वाचा. त्यात सांगितलेल्या मुदतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज सोसायटीचा असावा. एकट्या फ्लॅटवाल्याचे काम नव्हे.

3) नवा पट्टा दस्त नोंदवूनच घ्या. एक वर्षावरील पट्टा नोंदणीशिवाय कायदेशीर ठरत नाही. तोंडी शब्दावर विसंबू नका.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. उधारीची वही आम्ही रोज लिहितो. घराचा कागदही तितक्याच काळजीने सांभाळावा.