फी भरण्याआधी मंजुरीपत्र मागा

सिव्हिलचा डिप्लोमा झाला होता आणि साइटवर सुपरवायझर म्हणून नोकरी चालू होती, तेव्हा 2009 साली मी एका अभिमत विद्यापीठाच्या दूरशिक्षणातल्या बी.टेक.ला प्रवेश घेतला. विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे, असं अभ्यासकेंद्रावर सांगितलं गेलं आणि ते खरंही होतं. अभियांत्रिकी दूरशिक्षणाने शिकवायला तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईची मंजुरी नाही, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. प्रॅक्टिकल म्हणजे आधीच्या बॅचची जर्नल्स उतरवून काढणं. काँक्रीटचा क्यूब दाबून बघायचं मशीन त्या केंद्रावर नव्हतंच.

3 नोव्हेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. चार अभिमत विद्यापीठांतून अशा पदव्या घेतलेल्यांपैकी 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना एआयसीटीईच्या परीक्षेची संधी मिळाली. नंतरच्यांच्या, म्हणजे माझ्यासारख्यांच्या, पदव्या रद्द झाल्या. फी परत करण्याचा आदेशही झाला. पण दिवसभर साइट करून रात्री जागून केलेल्या अभ्यासाची भरपाई कोण करणार? माझं प्रमोशन तिथेच अडकलं.

तरीही ऑनलाइन शिकू नका, असं मी कुणालाही सांगणार नाही. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची एनपीटेलवरची लेक्चर्स फुकट आहेत, आणि साइटवर मला खरा आधार त्यांचाच झाला. उदाहरणार्थ, फ्लाय अ‍ॅशचं पीपीसी सिमेंट पर्यावरणाच्या दृष्टीने बरं, कारण त्यात क्लिंकर कमी लागतं. पण त्याला सुरुवातीची ताकद सावकाश येते. ठेकेदार सातव्या दिवशी स्लॅबचे टेकू काढायला माणसं पाठवतो आणि आयएस 456 या काँक्रीटच्या कोडचा हवाला देतो. त्या कोडमधले साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे सात दिवस साध्या ओपीसी सिमेंटसाठी आहेत, तेही क्युरिंग नीट झालं असेल आणि तापमान 15 अंशांखाली गेलं नसेल तर. हे मला ठाऊक होतं, म्हणून टेकूंपाशी उभं राहून काम थांबवता आलं.

उष्णतेचं गणितही घरी बसून येतं. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या 2018 च्या इको निवास संहितेनुसार, थंड प्रदेश वगळता, भिंती-खिडक्यांतून घरात शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी 15 वॉटच्या आत हवी. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा दिला तर हा आकडा किती उतरतो, ते एक्सेलमध्ये करून बघा. ताज्या काँक्रीटचा स्लम्प, म्हणजे ते किती खचतं ते, मोजणं मात्र व्हिडिओ बघून येत नाही. शंकूत माल भरून प्रत्येक थराला 25 वेळा सळई मारायची, शंकू सरळ वर उचलायचा. पाणी जास्त झालेला माल ओळखायची नजर अशीच तयार होते.

हरित इमारतींसाठीची आयजीबीसीची एपी परीक्षा जरूर द्या किंवा ‘गृहा’चं प्रशिक्षण घ्या, पण ती पदवी नव्हे. पदवीच हवी असेल, तर नोकरदार डिप्लोमाधारकांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग घ्यायला एआयसीटीईने मंजुरी दिलेली कॉलेजं शोधा. माहितीपत्रकावर जाऊ नका. तुमची शाखा आणि तुमचं वर्ष लिहिलेलं मंजुरीपत्र मागा, आणि ते दाखवायला टाळाटाळ झाली तर फी भरू नका.