कुंचला आधी शिक्षकाच्या हाती

प्रश्न : सिंगापूरच्या सेरंगून परिसरात आम्ही काही पालक रविवारी मुलांना मराठी शिकवितो. अध्यापनास कलेची जोड द्यावीशी वाटते. परंतु आमच्यापैकी कोणीही कलाशिक्षक नाही. काय करावे?

उत्तर : भगिनी, ही उणीव मानू नये. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी, आणि पुढे बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलखात ताराबाईंसह अनुताई वाघ यांनी, गीत, चित्र व हस्तकाम ही बालशिक्षणाची अंगेच मानली. आपल्या नगरीतही शिक्षणखात्याने २०११ मध्ये कलाशिक्षकांसाठी ‘स्टार’ ही स्वतंत्र प्रबोधिनी स्थापन केली. कला शिकविणाऱ्यानेही आजन्म शिकत राहावे, हे तत्त्व सरकारदरबारी मान्य व्हावे, याचे मला अतिशय समाधान वाटते.

माझी सूचना अशी की, महिन्यातून एकदा मुलांवाचून केवळ शिक्षकांची बैठक भरवावी. केरबाऊ रोडवर तान तेंग निया यांचे १९०० साली बांधलेले बहुरंगी घर आहे; त्यासमोर बसून, हात वळो वा न वळो, प्रत्येकाने ते रेखाटावे आणि मग शेंदरी, अबोली, मोरपंखी, आमसुली अशी त्या छटांची नावे आठवावीत. जे शब्द आपल्यालाच चटकन सुचले नाहीत, त्यांचाच पुढील पाठ करावा. ओवीची लय टाळ्यांवर धरणे हाही असाच सोपा अभ्यास. मुलांच्या चित्रांना मात्र गुण देऊ नयेत.