खारवट जमिनीसाठी क्षारसहनशील जिवाणू संवर्धके

पाण्याचा अतिवापर आणि निचऱ्याचा अभाव यामुळे सांगली-कोल्हापूर भागातील कृष्णाकाठचे अनेक ऊसमळे खारवट झाले आहेत. अशा जमिनीत ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. या ताणामुळे रोपात इथिलीन वाढते व मुळे खुंटतात. मुळांभोवती राहणारे काही क्षारसहनशील जिवाणू इथिलीन ज्या द्रव्यापासून बनते, त्याचेच विघटन करतात. काहींच्या चिकट स्रावात सोडियम अडकून राहतो.

नेहमीचे संवर्धक क्षारात नीट तग धरत नाही, म्हणून क्षारसहनशील प्रजातीचेच मागावे. कर्नालच्या केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेने अशी द्रवरूप संवर्धके तयार केली आहेत. बियाण्यास आधी बुरशीनाशक, नंतर संवर्धक चोळावे. सावलीत सुकवून लगेच पेरावे.

"संवर्धक वापरले, मग चर कशाला?" असे शेतकरी बंधू हमखास विचारतात. जिवाणू क्षार जमिनीबाहेर काढत नाहीत. ते काम चर व गोड्या पाण्याचेच. चर आधी, संवर्धक नंतर. त्याहीआधी माती तपासावी. विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त व सामू ८.५ पेक्षा कमी असल्यास जमीन खारवट समजावी. सामू ८.५ च्या वर व विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असल्यास ती चोपण. तेथे जिप्समशिवाय भागत नाही. नमुना उन्हाळ्यात घ्यावा आणि वरचा पांढरा थर वेगळ्या पिशवीत भरावा.