आधी मोजणी, मग नांगर

भाच्या, दुकानाच्या किल्ल्या घेतल्यास, आता एवढं कानात ठेव. पेठेतलं कुणीतरी मशीन काखोटीला मारून येईल आणि म्हणेल, "काही नाही केलं हो, फक्त डी ड्राइव्ह थोडा मोठा करत होतो." त्या 'फक्त'वर हसू नकोस. आणि "फॉरमॅट मारू का?" हे वाक्य पहिल्या अर्ध्या तासात तोंडातून काढायचं नाही.

आपण भातखाचरांची माणसं, म्हणून तसंच सांगतो. सातबारा फाटला म्हणून खाचर वाहून जात नाही. जुन्या पद्धतीच्या डिस्कच्या पहिल्या सेक्टरात 512 बाइट असतात. त्यातल्या अवघ्या 64 बाइटांत चार पार्टिशनांच्या हद्दी लिहिलेल्या असतात. पार्टिशन उडालं म्हणजे बहुतेक वेळा एवढी नोंद पुसली. माती, पीक सगळं जागेवर असतं. ते जातं नंतर, घाबरून दुसरं काहीतरी वर लिहिल्यावर. नव्या जीपीटी डिस्कवर नोंदीची दुसरी प्रत अगदी शेवटी असते, पण तिच्या भरवशावर राहू नकोस. पार्टिशन रीतसर डिलीट केलं असेल तर दोन्ही प्रती बदललेल्या असतात.

पडद्यावर काय लिहून येतं ते आधी नीट वाच. बायॉसमध्ये डिस्कच दिसत नसेल तर केबल बघ, डिस्क मेली का बघ. ते दुखणं वेगळं. 'ग्रब रेस्क्यू' आलं तर समज, कॉलेजच्या पोराने विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन उडवलंय. नव्या मशीनवर बूट मेनूत 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलंस की बहुधा काम झालं. जुन्यावर विंडोजच्या रिपेअर डिस्कने 'बूटरेक'चं 'फिक्सएमबीआर' चालव. कधी कुणी "हे 100 एमबीचं काय फालतू पडलंय" म्हणून ईएफआय पार्टिशनच साफ करतं. विंडोज शाबूत असतं, दारच गेलेलं असतं. तिथे छोटं फॅट32 पार्टिशन पुन्हा करून 'बीसीडीबूट' दिलं की दार परत बसतं.

डिस्क दुसऱ्या मशीनला जोडलीस की विंडोज लगेच विचारेल, 'इनिशियलाइज करू?', 'फॉरमॅट करू?' दोन्हीला नाही म्हण. चेकडिस्कही नको, ती दुरुस्तीच्या नावाखाली लिहीत सुटते. तेवढीच किंवा मोठी रिकामी डिस्क घे, 'डीडीरेस्क्यू'ने अख्खी नक्कल काढ आणि पुढचे प्रयोग नकलेवर कर. मग टेस्टडिस्क चालव. मला ते भूमी अभिलेखच्या मोजणीदारासारखं वाटतं, हद्दीचे जुने दगड शोधत फिरतं. आधी क्विक सर्च, नाही सापडलं तर डीपर. सापडलेल्या पार्टिशनवर 'पी' दाब, आतली फोल्डरं ओळखीची दिसली तरच 'राइट'. तीन-तीन पार्टिशनं एकमेकांवर चढलेली दिसली तर घाई नको, त्यातली काही आधीच्या मालकाच्या वेळची असतात.

एसएसडी असेल तर घड्याळ तुझ्या विरुद्ध चालतं. फॉरमॅट मारला की विंडोज ट्रिमचा हुकूम सोडतं आणि डिस्क आतून खाचर धुऊन काढते. असं मशीन तसंच चालू ठेवायचं नाही. आणि बिटलॉकर असेल तर 48 आकडी किल्ली आधी माग. तिच्याशिवाय हद्दी सापडल्या तरी आत धान्य नाही, भुसाच.

पार्टिशन सरकवताना लाइट गेली तर मात्र कठीण. पलीकडे भिवपुरीला 1922 पासून वीज तयार होते, पण आषाढात तारेवर झाड पडायला आपल्याकडे मुहूर्त लागत नाही. अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या. तिथे टेस्टडिस्कही हात टेकते. म्हणून यूपीएसशिवाय पार्टिशनला हात लावायचा नाही, गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी.

माझं एक सांगतो, तुझ्या मामीलाही अर्धंच माहीत आहे. एका फोटोग्राफरच्या मशीनमध्ये दोन डिस्का, एकाच कंपनीच्या, दोन्ही 500 जीबी. मी विंडोज टाकलं ते नेमकं फोटोंच्या डिस्कवर. फोटोरेकने बरंच परत आलं, पण नावं नाहीत, फोल्डर नाहीत. हळद, वरात, बारसं सगळं एका ढिगात. एका लग्नाची सप्तपदी गेली ती गेलीच. तो बिचारा तीन रात्री माझ्या शेजारी बसून फोटो निवडत होता. मी पैसे घेतले नाहीत, त्यानेही पुन्हा मशीन आणलं नाही. तेव्हापासून कामाची डिस्क सोडून बाकीच्यांच्या केबली काढून ठेवतो, आणि डिस्कच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतो. तूही तेच कर.

डाव्या खणात लाल दोरा बांधलेला पेनड्राइव्ह आहे. त्यात लिनक्स आणि ही सगळी हत्यारं आहेत. तुझे सिनेमे त्यात टाकू नकोस.